जुना संगणक, नवी हार्ड डिस्क : ‘दिसत नाही’ म्हणजे नेमकं काय?



आजचा विषय वरवर छोटा आहे. जुन्या संगणकाला एक्स्टर्नल हार्ड डिस्क जोडली आणि ती दिसलीच नाही, तर काय करायचं? पण ज्याच्यावर ही वेळ येते त्याला तो छोटा वाटत नाही. समजा, तालुक्याच्या गावात एक छापखाना आहे. वीस वर्षांचे दिवाळी अंक, स्मरणिका, लग्नपत्रिका असं सगळं पेजमेकरच्या फायलींमध्ये आहे आणि फॉन्ट युनिकोड रुळण्याच्या आधीचे आहेत. ते सगळं एक्सपीवर चालतं, म्हणून एक्सपीचा संगणक अजून कोपऱ्यात जपून ठेवलेला. त्यातली हार्ड डिस्कही तेवढीच म्हातारी. मालक ठरवतात, की आता हे सगळं बाहेर काढून ठेवू. घरी मुलाकडे एक मोठी पोर्टेबल डिस्क असते, तिच्यात घरचे फोटोही असतात. ती आणून जोडतात. कधी काहीच दिसत नाही. कधी पडद्यावर एक चौकट येते : ‘ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही. आत्ता फॉरमॅट करायची का?’ खाली दोन बटणं, ‘हो’ आणि ‘नाही’.

त्या दोन बटणांपैकी कुठलं दाबायचं आणि का, हे आज आपल्याला समजून घ्यायचं आहे. बाकी सगळी माहिती त्यासाठीच आहे.

‘डिस्क दिसत नाही’ हे ‘अंगात ताप आहे’ म्हणण्यासारखं आहे. ते लक्षण झालं, आजार कळला नाही. डिस्क जोडल्यापासून तिच्यातल्या फायली दिसेपर्यंत तिला चार दरवाजे ओलांडावे लागतात. पहिला विजेचा, दुसरा ओळखीचा, तिसरा नकाशाचा आणि चौथा लिपीचा. ती कुठल्या दरवाजात अडली आहे हे कळलं की निम्मं काम झालं. आणि ते कळेपर्यंत एकच पथ्य पाळायचं : डिस्कवर काहीही लिहायचं नाही. वाचायचा प्रयत्न शंभर वेळा केला तरी निरोगी डिस्कचं काही बिघडत नाही, लिहिलं की बिघडतं. फॉरमॅट म्हणजे लिहिणं. ‘इनिशियलाइझ’ म्हणजे लिहिणं. डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्रॅम चालवणं, हेही लिहिणंच.

दुरुस्तीला हात घालण्याआधी एक सोपी चाचणी करा. तीच डिस्क, तिच्याच केबलने, एखाद्या नव्या संगणकाला लावून बघा. तिथे फायली उघडल्या तर डिस्क ठणठणीत आहे, अडचण जुन्या संगणकाच्या समजुतीत आहे. तिथेही दिसली नाही तर डिस्क, तिची डबी किंवा केबल यांच्यावर संशय घ्यायचा. आता एकेक दरवाजा बघू.

पहिला दरवाजा : वीज

खिशात मावणाऱ्या पोर्टेबल डिस्कच्या आत अडीच इंची डिस्क असते. तिला वेगळा ॲडॅप्टर नसतो. माहिती आणि वीज दोन्ही एकाच केबलमधून जातात. २००० साली आलेल्या यूएसबी २.० च्या नियमाप्रमाणे एक पोर्ट ५ व्होल्टवर जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर देतो. तेसुद्धा ओळख पटल्यावर. तोपर्यंत १०० मिलिअँपिअरवरच भागवायचं. २००८ साली यूएसबी ३.० आलं आणि ही मर्यादा ९०० झाली.

आता डिस्कची गरज बघा. आतली तबकडी थांबलेली असते. तिला मिनिटाला ५४०० फेऱ्यांपर्यंत न्यायचं असतं. बंद पडलेली गाडी ढकलताना पहिला जोर जास्त लागतो आणि ती चालायला लागली की हात हलका होतो, तसंच इथे. सुरुवातीच्या काही सेकंदांत अशा डिस्कला एक अँपिअरच्या आसपास वीज लागू शकते. बऱ्याच संगणकांचे पोर्ट नियमापेक्षा थोडी जास्त वीज सोडतात, म्हणून एरवी निभावून जातं. पण दहा-पंधरा वर्षांचा पॉवर सप्लाय असला किंवा कॅबिनेटच्या पुढच्या तोंडाचा पोर्ट वापरला, की तेवढी वीज पोचत नाही. पुढच्या पोर्टला आतून एक लांब, बारीक वायर आलेली असते.

याची लक्षणं अशी. डिस्कचा दिवा लागतो, पण तबकडी फिरायला लागून परत थांबते. किंवा जोडल्याचा आणि काढल्याचा आवाज आलटून पालटून येत राहतो.

उपाय साधे आहेत, या क्रमाने करा. पुढचा पोर्ट सोडून कॅबिनेटच्या मागच्या बाजूचा पोर्ट वापरा. मध्ये साधा हब असेल तर काढा. ज्याला स्वतःची वीज नाही असा हब आलेली थोडी वीज सगळ्यांत वाटतो. केबल आखूड आणि चांगली घ्या. दोन तोंडांची वाय केबल मिळते, ती दोन पोर्टमधून वीज घेते. किंवा स्वतःचा ॲडॅप्टर असलेला हब वापरा, म्हणजे जुन्या संगणकावर विजेचा भारच येत नाही.

साडेतीन इंची मोठी डिस्क असेल तर तिला १२ व्होल्टही लागतात, म्हणून तिच्याबरोबर ॲडॅप्टर येतो. तो हरवला तर पिन बसते म्हणून घरातला दुसरा कुठलाही खुपसू नका. लॅपटॉपचा ॲडॅप्टर बहुतेक वेळा १९ व्होल्टच्या आसपासचा असतो, आणि डिस्कचं सर्किट तेवढ्याने जळू शकतं. डबीवर आणि ॲडॅप्टरवर छापलेले व्होल्ट जुळवा, अँपिअर तेवढे किंवा जास्त असू द्या, आणि पिनची प्लस-मायनसची खूणही बघा.

एक इशारा इथेच देतो. पुरेशी वीज मिळूनही, दुसऱ्या संगणकावरही, एका लयीत ‘टक्‌... टक्‌... टक्‌’ असा आवाज येत असेल, तर बिघाड आतल्या यांत्रिक भागात आहे. तेव्हा प्रयोग थांबवून वीज काढायची. मघाशी मी निरोगी डिस्कबद्दल बोललो. अशा आजारी डिस्कला वाचण्याचा प्रत्येक प्रयत्नही महाग पडू शकतो. फ्रीजमध्ये ठेवायचे वगैरे सल्ले ऐकू नका, आत दव धरतं. माहिती मोलाची असेल तर डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडेच जा.

दुसरा दरवाजा : ओळख

डिस्क फिरते आहे, आवाज नीट आहे, तरी दिसत नाही. मग संगणकाला तिची चाहूल लागली आहे का, हे बघायचं. ‘माय कॉम्प्युटर’वर राइट क्लिक करून ‘मॅनेज’ उघडा. त्यात ‘डिव्हाइस मॅनेजर’ आहे. डिस्क लावताना आणि काढताना त्या यादीकडे नजर ठेवा. यादी जराही हलली नाही, तर पोर्ट किंवा केबल बघा. बारीक तोंडाच्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांच्यात माहितीच्या तारा नसतातच. यूएसबी ३ च्या बऱ्याच डिस्कना रुंद, दोन भाग जोडल्यासारखं तोंड असतं. ते वापरून सैल होतं आणि अर्धवट बसतं. त्याच रुंद तोंडाच्या मोठ्या भागात साधी मायक्रो यूएसबी केबलही बसते आणि डिस्क यूएसबी २ च्या वेगाने चालते. जुन्या संगणकासाठी तेवढं पुरतं.

यादीत नाव आलं पण त्यावर पिवळी खूण आहे, तर ड्रायव्हर अडकलाय. एक्सपी आणि त्यानंतरच्या विंडोजना यूएसबी डिस्कसाठी वेगळी सीडी लागत नाही, ड्रायव्हर आतच असतो. ती नोंद ‘अनइन्स्टॉल’ करा, डिस्क काढा, संगणक पुन्हा सुरू करा, मग डिस्क जोडा. यात फक्त संगणकाच्या वहीतली नोंद जाते, डिस्कवरच्या माहितीला धक्का लागत नाही.

विंडोज ७ वाल्यांसाठी एक खास गोष्ट. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर मुळात नाही. तो २०१२ सालच्या विंडोज ८ पासून आत आला. त्यामुळे कोणी विंडोज ७ नव्याने टाकून दिलं आणि मदरबोर्डचे ड्रायव्हर टाकले नाहीत, तर निळ्या रंगाचे पोर्ट मुके होतात. तीच डिस्क शेजारच्या काळ्या पोर्टला लावली की चालते.

आणि काही जुने संगणक, डिस्क जोडलेली असताना सुरूच होत नाहीत, काळ्या पडद्यावर अडकतात. ते त्या डिस्कवरूनच सुरू व्हायला बघत असतात. अशा वेळी आधी विंडोज पूर्ण उघडू द्या, मग डिस्क लावा.

तिसरा दरवाजा : नकाशा

इथे खरी गंमत आहे आणि खरा धोकाही. ‘मॅनेज’मध्येच ‘डिस्क मॅनेजमेंट’ आहे, ते उघडा. नुसतं बघायचं. ‘डिस्क इनिशियलाइझ करायची का’ अशी चौकट आपोआप आली तर ‘कॅन्सल’.

शेताला जसा सातबारा, तसा डिस्कच्या सुरुवातीला एक नोंदतक्ता असतो : कुठला भाग कुठून सुरू होतो आणि किती लांब आहे. जुन्या पद्धतीला एमबीआर म्हणतात. ती १९८३ सालची आहे. तिच्यात भागाची लांबी लिहायला ३२ बिटांची जागा आहे. म्हणजे जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९६ तुकडे मोजता येतात. एक तुकडा ५१२ बाइटचा. गुणाकार केला की साधारण २.२ लाख कोटी बाइट होतात, म्हणजे २.२ टीबी. त्यापुढे मोजायला आकडाच शिल्लक नाही.

जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा मीटर आठवतो? ९९,९९९ झाले की परत शून्यापासून. काही जुन्या यंत्रणांमध्ये मोठ्या डिस्कचं अगदी तसंच होतं. ३ टीबीची डिस्क लावली आणि ती फक्त ७४६ जीबी दिसली, असं अनेकांनी बघितलं असेल. दुकानदाराने फसवलेलं नसतं. ३ मधून २.२ गेले की उरतात ०.८ टीबी, आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं म्हणून ते ७४६ दिसतात. मीटर एकदा फिरून पुढे आलाय. अशा अवस्थेत त्या डिस्कवर काही ठेवू नका. पुढे लिहायला सांगितलेलं भलतीकडेच लिहिलं जाऊ शकतं.

मोठ्या डिस्कसाठी नवी पद्धत आली, जीपीटी. २००७ च्या व्हिस्टापासून पुढची विंडोज जीपीटीची डिस्क वाचतात. नेहमीचं ३२ बिटांचं एक्सपी वाचत नाही. मात्र जीपीटी आखणाऱ्यांनी एक शहाणपण केलं. जीपीटी डिस्कच्या अगदी सुरुवातीला जुन्या पद्धतीची एक नोंद ठेवली : ही सगळी जमीन कोणाच्या तरी ताब्यात आहे. म्हणून एक्सपीच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती डिस्क ‘जीपीटी प्रोटेक्टिव्ह पार्टिशन’ अशी दिसते आणि तिला फायलींचं दार उघडता येत नाही. लोक ही ओळ बघून घाबरतात. घाबरू नका, ती राखणदाराची पाटी आहे. डिस्क चांगली आहे, माहिती जागेवर आहे, फक्त या संगणकाला तो नकाशा वाचता येत नाही.

याच खिडकीत कधी कधी सुखद आश्चर्यही भेटतं. डिस्क आहे, भाग आहे, ‘हेल्दी’ लिहिलंय, पण तिला अक्षर नाही. किंवा जे अक्षर मिळालं ते ऑफिसच्या नेटवर्क ड्राइव्हने आधीच धरून ठेवलंय. एक्सपीत हे बऱ्याचदा होतं. राइट क्लिक करून अक्षर बदला, शेवटाकडचं एखादं द्या. डिस्क लगेच हजर. अक्षर बदलल्याने फायलींना काही होत नाही. फक्त ज्या भागाला ‘हेल्दी’ म्हटलंय आणि एनटीएफएससारखं नाव दिसतंय, त्यालाच अक्षर द्या.

चौथा दरवाजा : लिपी

वीज आहे, ओळख आहे, नकाशाही वाचता आला. आता फायली कुठल्या पद्धतीने लिहिल्या आहेत? याला फाइल सिस्टिम म्हणतात. एनटीएफएस एक्सपीला येतं. फॅट३२ जुन्या-नव्या सगळ्यांना येतं, पण त्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल मावत नाही. एक्सफॅट एक्सपीला जन्मतः येत नाही. २००९ साली त्यासाठी एक अपडेट आला होता, तो घातलेला असेल तरच वाचता येतं. आणि मॅकवर तयार झालेली डिस्क, एचएफएस प्लस असो वा एपीएफएस, विंडोज स्वतःहून वाचत नाही.

आपल्याकडे घरोघरी जुन्या पेटीत मोडीतले कागद असतात. ते देवनागरी शिकलेल्या मुलाच्या हातात दिले तर तो म्हणेल, ‘हे काहीतरी गिरगटलंय.’ कागद कोरा नाही, त्याला लिपी येत नाही. आता तो मुलगा पुढे असं म्हणाला, की ‘पुसून स्वच्छ करून देऊ का, म्हणजे मला यावर लिहिता येईल’, तर तुम्ही काय सांगाल? ‘फॉरमॅट करायची का’ हा प्रश्न नेमका तोच आहे. संगणकाने खरं तर म्हणायला हवं, ‘मला ही लिपी येत नाही.’ पण तो म्हणतो, ‘डिस्क फॉरमॅट केलेली नाही.’ त्याच्या अज्ञानाचं खापर तो डिस्कवर फोडतो आणि घाईत माणूस ‘हो’ दाबून बसतो.

म्हणून, ज्या डिस्कवर कधीही काही ठेवलं असेल तिच्या बाबतीत उत्तर एकच : ‘नाही’. डिस्क काढून नव्या संगणकावर बघायची.

आणि कोणाकडून ‘हो’ दाबलं गेलंच असेल, तर तिथेच थांबा. क्विक फॉरमॅटमध्ये मुख्यतः नवी कोरी सूची लिहिली जाते, जुन्या फायलींचा मजकूर बराचसा खाली तसाच असतो, आणि वर काही लिहिलं नाही तर परत मिळण्याची शक्यता चांगली असते. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमधलं पूर्ण फॉरमॅट मात्र सगळीकडे शून्यं लिहीत जातं. ते चालू असेल तर थांबवा. जिथपर्यंत पुसलं गेलं ते परत येत नाही.

मग छापखान्याचं काम कसं व्हायचं?

मोठ्या डिस्कला जुन्या संगणकात बसवण्याचा हट्ट धरू नका. मध्ये एक पूल बांधा. २ टीबी किंवा त्याहून लहान डिस्क घ्या. २ टीबी लिहिलेली डिस्क एमबीआरच्या मर्यादेत बसते. ती कोरी असल्याची खात्री करून, नव्या संगणकावर एमबीआर आणि एनटीएफएस पद्धतीने तयार करा. मग ती एक्सपीला लावा, फायली घ्या, नव्या संगणकावर नेऊन मोठ्या डिस्कवर ठेवा. फायली थोड्या असतील तर पेनड्राइव्हच्या फेऱ्याही चालतील.

वेळेचा अंदाज असू द्या. यूएसबी २ वर सेकंदाला साधारण ३० एमबी जातात. १०० जीबीला तासभर, पूर्ण १ टीबीला नऊ तासांहून जास्त. पोर्ट त्याहून जुना, यूएसबी १.१ चा असेल, तर सेकंदाला एक एमबीच्या आसपास, म्हणजे त्याच १ टीबीला अकरा-बारा दिवस. अशा वेळी संगणकातलीच हार्ड डिस्क काढून, यूएसबी कन्व्हर्टरने नव्या संगणकाला लावणं सोयीचं.

आणि मराठी छपाईवाल्यांनो, फायलींबरोबर फॉन्टचं फोल्डर न विसरता घ्या. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधला मजकूर त्या फॉन्टशिवाय नुसती चिन्हं आणि इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. फाइल वाचली आणि मजकूर गेला, असं व्हायला नको. कॉपी झाल्यावर आठ-दहा फायली उघडून बघा, आणि दोन ठिकाणी ठेवल्याशिवाय जुन्या यंत्राला हात लावू नका.

श्रोत्यांच्या प्रश्नांतून

*प्रश्न : संगणक सुरू होताना तो स्वतःच डिस्क तपासायला लागतो. करू द्यावं का?*

त्या डिस्कवरची माहिती दुसरीकडे असेल तर खुशाल. एकुलती एक प्रत असेल तर नाही. पडद्यावर काही सेकंदांची मोजणी येते, तेवढ्यात कुठलीही कळ दाबली की तपासणी टळते. तो प्रोग्रॅम सूची नीटनेटकी करतो, आणि त्या नादात तुटक्या नोंदी काढूनही टाकतो. आधी प्रत, मग दुरुस्ती.

*प्रश्न : डबी बिघडलीय असं वाटतं. डिस्क बाहेर काढून थेट जोडली तर?*

बऱ्याचदा जमतं, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. काही डब्यांतलं सर्किट सगळी माहिती कुलूपबंद करून लिहितं. डबीबाहेर ती डिस्क वाचता येत नाही. आणि एक्सपीला २.२ टीबीच्या पुढे नेण्यासाठी काही मोठ्या डिस्कच्या डब्या संगणकाला ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचे तुकडे दाखवतात. डबी काढली की मोजमाप बदलतं, नोंदतक्ता चुकीचा वाटतो आणि संगणक परत म्हणतो, ‘इनिशियलाइझ करू का?’ तेव्हाही नाहीच म्हणायचं. तशीच दुसरी डबी शोधायची. काही पोर्टेबल डिस्कमध्ये तर यूएसबीचं तोंड डिस्कच्याच पट्टीवर असतं, तिथे काढण्यासारखं काही नसतं.

*प्रश्न : यापेक्षा एक्सपी काढून नवं विंडोजच टाकलं तर सगळे प्रश्न सुटतील ना?*

डिस्क दिसेल कदाचित, पण ज्या पेजमेकरसाठी तो संगणक ठेवलाय ते चालेलच असं नाही. एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ ला संपली, म्हणून त्याला इंटरनेटपासून दूर ठेवा आणि त्यातून आलेला पेनड्राइव्ह नव्या संगणकावर आधी व्हायरससाठी तपासा. एवढं सांभाळलं तर त्याला त्याचं जुनं काम करू द्यायला हरकत नाही. फक्त त्यातल्या फायलींची दुसरी प्रत या आठवड्यातच काढा. ती डिस्क म्हातारी आहे, आणि ती सांगून जाणार नाही.